थंड जागी ठेवलेला हायड्रोजन

मे महिन्यात पुण्याहून यवतमाळला निघालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात: लग्न कोणाचं, किंवा गेलं कोण. मी हायड्रोजन घेऊन चाललोय असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टोपी घेऊन जा एवढंच म्हणाले. सगळ्या प्रवासात मला मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला होता, आणि टोपी मी घरीच विसरलो.

माझा धंदा लिहिण्याचा, पण साहित्य वगैरे नाही. यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका असते आणि जी लोक न वाचता खोक्यासकट माळ्यावर टाकतात, ती मी मराठीत लिहितो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने हायड्रोजनवर चालणारा विजेचा डबा बनवला आहे. आकार चार पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढा, बाजूला थर्माससारखी दोन नळकांडी. नळकांड्यांत धातूची भुकटी असते आणि पिठाने पाणी धरावं तसा तिने हायड्रोजन धरलेला असतो. तो हळूहळू सुटतो, डब्यात हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो आणि वीज तयार होते. धूर नाही, आवाज नाही. मागच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडतं, बस. लॅपटॉप, फोन, हातात धरायची लहानसहान यंत्रं त्यावर चालतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका क्षयरोग तपासणी शिबिरात हा डबा वापरून बघायचं ठरलं होतं. तिथे छातीचा एक्स-रे काढायचं यंत्र कॅमेऱ्यासारखं हातात धरायचं असतं. त्याची बॅटरी दुपारी संपते आणि गावातली वीज तिच्याही आधी संपते. आमचा डबा मध्ये उभा राहणार आणि शिबिर संध्याकाळपर्यंत चालणार, अशी योजना. कंपनीच्या मालकांना त्यावर यशोगाथा हवी होती. ती मी निघण्यापूर्वीच लिहून ठेवली होती. गावाच्या नावाची जागा तेवढी रिकामी सोडली होती.

यवतमाळ

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका ओळखीच्या शेडमध्ये डबा सुपूर्द करायचा होता. घ्यायला दोघं आले होते. एक एक्स-रे टेक्निशियन राठोड, तिशीतला, बोलायला गोड आणि घड्याळाकडे सारखं बघणारा. दुसऱ्या मायाताई, तीन गावांच्या नर्स. त्यांना सगळे सिस्टर म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. चाळिशी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. तो सोडल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही, आणि उन्हाळ्यात इथे कोणी तो सोडत नाही.

मी डबा कसा चालतो ते दाखवलं. मग सिस्टरांनी पुस्तिका मागितली आणि तिथेच उभ्या उभ्या वाचायला घेतली. बावीस वर्षांच्या नोकरीत माझी पुस्तिका वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. कोणी आपलं पत्र आपल्यासमोर उघडून वाचावं तसं मला अवघडल्यासारखं झालं. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. ‘नळकांडी थंड व कोरड्या जागी ठेवावीत’ अशी ओळ होती.

‘सर, थंड मंजे कितलं थंड?’

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मूळ इंग्रजी कागदातही आकडा नव्हता. तेव्हा बाहेर चव्वेचाळीस अंश होते, माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मला भूक लागली होती. जेवढं थंड ठेवता येईल तेवढं चांगलं, असं मी ठोकून दिलं. सिस्टरांनी मान हलवली आणि पुस्तिका पर्समध्ये नीट ठेवली.

मग मी आलूबोंडा खायला गेलो. पुण्यात वडा कोरडा देतात आणि चटणीसाठी मागे लागावं लागतं. इथे आलूबोंडा फोडून त्यावर लाल तर्री ओतून देतात आणि वर ‘अजून टाकू का’ विचारतात. मी पहिल्यांदा हो म्हणालो. नंतर डोळ्यांतून पाणी येत असताना बाजूच्या गृहस्थांनी त्यांच्या ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. नाव, गाव, काही विचारलं नाही. लॉजवर कूलर होता, त्याचा आवाज ट्रॅक्टरएवढा आणि वारा फक्त कॉटच्या पायथ्याला. मी पायथ्याशी डोकं करून झोपलो.

बोरी अरबच्या पुढे

गाव बोरी अरबपासून चार-पाच किलोमीटर आत होतं. मी यशोगाथेत त्याचं नाव लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. उपकेंद्राची इमारत दोन खोल्यांची, पुढे कडुनिंब, गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी. पोचल्या पोचल्या गुळाचा खडा आणि पाणी हातात आलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी ‘चहा घेणार का’ असं विचारतात, म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय राहते. इथे विचारायची पद्धतच नाही.

झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हायड्रोजनबद्दल कुतूहल होतं. मी पाण्याच्या थेंबांची गोष्ट सांगितली तेव्हा एका आजोबांनी दिवसाला कितलं पाणी निघते असं विचारलं. अर्धा कप, मी म्हणालो. मंग टँकरवाल्याले सांगू नका, ते म्हणाले. त्यांनी मग वर बोट दाखवून आणखी एक शंका काढली, एवढं उन्ह फुकट पडून राह्यलं तं सोलर काहून नाही आणलं. यावर माझ्या पुस्तिकेत उत्तर आहे. ‘ढगाळ हवामानात व पावसाळ्यातही उपयुक्त’ असं चौदाव्या पानावर ठळक अक्षरात छापलंय. मी वर पाहिलं. ढग औषधालाही नव्हता. मी विषय बदलला.

सकाळी शिबिर झकास चाललं. राठोड छातीसमोर यंत्र धरायचा, माणूस श्वास रोखायचा, लॅपटॉपवर फुप्फुसांचं चित्र उमटायचं आणि संगणकाला शंका आली तर तेवढी जागा लाल व्हायची. सिस्टर नावं लिहीत होत्या, पण त्यांचं सारं लक्ष रस्त्याकडे होतं. त्या एका माणसाची वाट बघत होत्या.

त्याचं नाव गौतम. गवंडी, वय पंचेचाळीसच्या आसपास, तीन महिन्यांपासून खोकला. सिस्टर त्याच्या घरी तीनदा जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा तो उद्या येतो म्हणाला. दुसऱ्यांदा तुरीच्या वावरातून मागच्या मागे गेला. तिसऱ्यांदा बायकोने सांगितलं की बाजाराले गेलते, आणि त्याच्या चपला दारातच होत्या. आता तो दुपारी तीनच्या गाडीने यवतमाळला आणि तिथून पुण्याला बांधकामावर निघाला होता, दिवाळीपर्यंत. जाता जाता एक फोटो काढून जातो, एवढं त्याने कसंबसं कबूल केलं होतं. त्याची दोन लेकरं त्याच्याच खोलीत झोपायची. धाकटं तीन वर्षांचं.

मी सहज म्हणालो, पुण्यात तर गल्लोगल्ली एक्स-रे काढतात, तिथे काढेल की. सिस्टरांनी पेन खाली ठेवलं.

‘पुण्यात दुकानं लय असतीन सर. पण तिथं त्याले चाल म्हणणारं कोण आहे?’

मग त्यांनी सांगितलं की याआधी असाच एक जण त्यांच्या हातून सुटला होता. कामाला गेला तो खोकत गेला आणि परत आला तेव्हा उचलून आणावं लागलं. आठ दिवस जगला. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. मी नुसता मान खाली घालून बसलो. आपण पुण्याचे असण्याची मला क्वचितच लाज वाटते, तेव्हा वाटली.

बाराला वीज गेली. ती रोज बाराला जाते, त्यामुळे कोणी मान वर केली नाही. एकच्या सुमाराला एक्स-रे यंत्राची बॅटरी संपली. आता आमची पाळी होती. सिस्टरांनी आतल्या खोलीतून नळकांडी आणून दिली, मी ती डब्याला जोडली, बटण दाबलं. क्षणभर हिरवा दिवा लागला आणि लगेच लाल झाला.

मी पुन्हा दाबलं. लाल. उन्हाने गरम झालं असेल, मी ठामपणे म्हणालो. यवतमाळात आल्यापासून मला प्रत्येक गोष्ट गरम झाल्यासारखीच वाटत होती. थोडा वेळ थंड होऊ द्या. सिस्टर तत्परतेने नळकांडी आत घेऊन गेल्या.

तेवढ्यात गौतम आला. उंच, गालफडं बसलेली, खांद्याला बॅग. सोबत बायको. दोघं कडुनिंबाखाली बसले. मी दहा मिनिटांनी पुन्हा नळकांडी मागवली, जोडली, दाबली. या वेळी हिरवा दिवा दिसलासुद्धा नाही. अजून थंड होऊ द्या, मी म्हणालो. सिस्टर पुन्हा आत गेल्या. असं चार वेळा झालं. प्रत्येक खेपेला डबा आधीपेक्षा जास्त मेलेला होता, आणि प्रत्येक खेपेला मी थंड करायला सांगत होतो. मुलगी हुशार आहे, उत्तर तेवढं येत नाही, असं सांगणाऱ्या बापासारखा मी डब्याची बाजू घेत होतो.

दोन वाजून गेल्यावर गौतम उठला. सिस्टर त्याला आडव्या आल्या.

‘ताई, मी तं आलो ना,’ तो म्हणाला. ‘तुमची मशीन नाही आली.’

तो आणि बायको बोरीच्या रस्त्याला लागले. गौतम मध्येच थांबून खोकला, बायकोने त्याच्या खांद्यावरची बॅग घेतली आणि दोघं पुढे गेले. हे आम्ही तिघं बघत उभे होतो. राठोडने प्रथमच घड्याळाकडे पाहिलं नाही.

मी पुण्याला आमच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नळकांडी हाताला कशी लागतात? गार, मी म्हणालो. किती गार, त्याने विचारलं. मी आतल्या खोलीत गेलो. कोपऱ्यात निळा डबा होता, पोलिओची लस नेतात तो. झाकण उघडलं. आत चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या लावल्या होत्या आणि मधोमध आमची दोन नळकांडी, स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बाळांसारखी निजवलेली. शेजारी थर्मामीटर. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता आणि त्यावर कालपासूनच्या वेळा आणि अंश सुवाच्य अक्षरात लिहिले होते. रात्रभर ती आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजमध्ये होती. एकदाही आठ अंशांच्या वर गेली नव्हती.

लस आठ अंशांच्या वर गेली की वाया जाते. ती तशी जाऊ नये म्हणून या बाईंनी वीस वर्षं उन्हातान्हातून बर्फ वाहिला होता. त्यांच्या शब्दकोशात थंडचा अर्थ मोजलेला होता. माझ्या शब्दकोशात थंड म्हणजे पुण्यातल्या टेबलाखालची जागा.

फोन स्पीकरवर टाकून मी बर्फाचं सांगितलं, तेव्हा इंजिनिअर हसू लागला. भुकटीतून हायड्रोजन सुटायला ऊब लागते, तो म्हणाला. सुटताना नळकांडं आपणहून गार पडतं, त्यात तुम्ही ते बर्फात घातलं, मग तो बाहेर येईलच कशाला. ऊन लागून तापू नये एवढ्यापुरती ती ओळ होती. कोमट पाण्यात ठेवा, दहा मिनिटांत चालू होईल. मग त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाला, म्हणजे वापरणाऱ्याची चूक, आपल्या डब्यात दोष नाही. अहवालात तसं लिहून टाक.

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा उतरला होता.

‘माहं चुकलं मंजे,’ त्या म्हणाल्या. ‘माह्यामुळं गेला तो.’

खरं सांगतो, दोन क्षण मी गप्प राहिलो. गप्प राहणं फार सोयीचं होतं. कंपनी वाचत होती, यशोगाथाही थोडी फिरवून वाचली असती. पण त्या कागदावरचे आकडे माझ्यासमोर होते. इतक्या निष्ठेने माझं वाक्य आजवर कोणी पाळलं नव्हतं. मी सांगितलं की ती ओळ मी लिहिली आहे, काल आकडा विचारलात तेव्हा मी भुकेपायी थाप मारली, आणि आज चार वेळा थंड करायला मीच सांगितलं. चूक तुमची नाही, माझी आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं.

‘लिहाच्या आधी एखाद्या नर्सले विचाराचं होतं ना सर,’ त्या म्हणाल्या, आणि लगेच बादली घ्यायला वळल्या.

कोमट पाणी कुठून आणायचं हा प्रश्न फक्त मला पडला. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतून अंघोळीचं पाणी येतं. सिस्टरांनी त्यात कोपर बुडवून पाहिलं, बर्फाचं थोडं पाणी मिसळलं आणि थर्मामीटर लावला. कितलं पाहिजे, त्यांनी विचारलं. मी या वेळी फोन करून नीट आकडा घेतला. चाळीसच्या आत.

स्टँड

पावणेतीनला शिबिराच्या जीपमध्ये आम्ही बोरीकडे निघालो. बादली माझ्या मांडीवर, बादलीत नळकांडी, नळीने जोडलेला डबा राठोडच्या मांडीवर, त्याच्याच हातात एक्स-रे यंत्र. रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यात अर्धी बादली माझ्या पँटवर आली. दुसऱ्या खड्ड्यात हिरवा दिवा लागला आणि टिकला. मागच्या नळीतून पाण्याचा थेंब लोंबला आणि सीटवर पडला. राठोडने तो बोटाने पुसून बघितला. मला इतका आनंद झाला की ओल्या पँटचं काही वाटेना. यंत्र चार्ज होऊ लागलं होतं. सहज कुठेही नेता येणारा डबा, असं मी पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ते खरं आहे हे मला तेव्हा कळलं.

स्टँडवर गाडी लागलेली होती. इथली रीत अशी की गाडी थांबायच्या आधी खिडकीतून दुपट्टा आत टाकायचा. ज्याचा दुपट्टा त्याची जागा, आणि यावर भांडण होत नाही. गौतमने खिडकीजवळची जागा धरली होती आणि खाली उतरून बायकोशी बोलत होता. सिस्टर जीप थांबायच्या आत उतरल्या. त्यांनी त्याला काही समजावलं नाही. मशीन आली, एवढंच म्हणाल्या.

तो हसला. कदाचित त्याला हसण्यावाचून दुसरं सुचलं नसेल. कंडक्टरने पाच मिनिटं दिली. स्टँडमागे एका गोदामाची कोरी भिंत होती. राठोडने शिशाचा जड एप्रन घातला, लोकांना भिंतीपासून लांब हाकललं आणि ज्यांना गाडी पकडायची होती तेही लांब उभं राहून बघत बसले. गौतमने शर्टाच्या खिशातून मोबाइल, तंबाखूची पुडी आणि मोजपट्टी काढून बायकोकडे दिली. पाठीमागे एक्स-रे टिपणारी पाटी धरली. श्वास भरा, धरून ठेवा. खोकला आला. पुन्हा भरा. पुन्हा खोकला आला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून श्वास धरला आणि राठोडने बटण दाबलं.

लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर होता. चित्र उमटलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला मोठा लाल डाग आला. गौतम वाकून बघत होता. आपल्याच छातीच्या आतलं चित्र माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला आधी गंमत वाटते, तशी त्यालाही वाटली असावी. मग त्याने लाल जागेवर बोट ठेवून हे काय आहे असं विचारलं.

सिस्टरांनी आडपडदा ठेवला नाही. बहुतेक टीबी आहे, त्या म्हणाल्या, उद्या बेडका तपासला की पक्कं कळेल. औषध फुकट आहे, सहा महिने रोज घ्यावं लागेल, आणि बरं होते. लेकरांनाही तपासावं लागेल. एवढं सांगून त्या थांबल्या. चला म्हणाल्या नाहीत. मला वाटत होतं त्यांनी म्हणावं, हात धरावा, काहीतरी करावं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

गौतमने पुण्याच्या ठेकेदाराचं नाव काढलं. उद्या हजर नाही झालो तर तो दुसरा गवंडी लावेल, असं तो बायकोला म्हणाला. ती लॅपटॉपकडे बघत होती. मग तिने पदराने त्या चित्रावरची धूळ पुसली, फक्त त्या लाल जागेवरची. कंडक्टरने घंटी दिली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

गौतम दोन पावलं गाडीकडे गेला. खिडकीतून एक बाई त्याच्याकडे बघत होती, लवकर चढ म्हणून हात करत होती. तो खिडकीखाली थांबला, एक हात पत्र्यावर ठेवला आणि खोकला ओसरेपर्यंत तसाच उभा राहिला.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘माहा दुपट्टा फेका खाली.’

गाडी हलली होती. दुपट्टा उघडत उघडत खाली आला आणि तो जमिनीला लागायच्या आत त्या जागेवर दुसरं कोणीतरी बसलेलं होतं.